वाचकांचे प्रश्न : प्रवासातील फोटोंची दुसरी प्रत

सुट्ट्यांचे दिवस आणि पावसापूर्वीचे प्रवास यांमुळे या वेळच्या पत्रांत एकच विषय निरनिराळ्या अंगांनी आला आहे. प्रवासात काढलेले फोटो आणि व्हिडिओ सुरक्षित ठेवण्यासाठी कोणते साधन घ्यावे, असे बहुतेकांनी विचारले आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. खानापूरच्या पत्राला दिलेले उत्तर बरेच लांबले आहे, कारण इतर अनेकांच्या शंकांची उत्तरे त्यातच येऊन जातात.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र जूनच्या अखेरीस स्वतःच्या गाडीने लडाखला जाणार असून लेह आणि परिसरात सुमारे पंधरा दिवस फोटो काढण्याचा बेत आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आहे आणि मी रॉ व जेपेग या दोन्ही स्वरूपांत फोटो काढतो. व्हिडिओ फोनवर घेतो. लॅपटॉप सोबत नेणार नाही. बेळगावच्या दुकानदाराने २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि १ टीबीची एसएसडी अशा दोन वस्तू दाखवल्या. एसएसडीची किंमत थोडी जास्त आणि जागा मात्र निम्मी. यांपैकी काय घ्यावे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : आपण एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी मेमरी चिपमध्ये माहिती साठवणारे साधन, घ्यावी. दुकानात सहसा न सांगितले जाणारे, पण आपल्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचे ठरणारे कारण उंचीचे आहे. पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेत असतात आणि माहिती वाचणारे-लिहिणारे शीर्ष त्या चकतीला न टेकता, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, फिरत्या हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. हवा विरळ झाली की हा आधार दुबळा होतो आणि शीर्ष चकतीला घासण्याचा धोका वाढतो. म्हणूनच अशा अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात वापराची कमाल उंची सुमारे ३,००० मीटर दिलेली असते. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे आणि खारदुंग ला तर ५,३०० मीटरच्याही वर आहे. बंद डिस्कसाठी ही मर्यादा बरीच सैल असते, त्यामुळे बॅगेतून नेल्याने ती बिघडणार नाही; पण लेहच्या खोलीत रोज रात्री ती चालवणे म्हणजे कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवणे होय. एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसल्याने तिला विरळ हवेची अडचण येत नाही.

धक्क्यांचेही तसेच आहे. बंद हार्ड डिस्क बऱ्यापैकी हादरे सहन करते, चालू डिस्क करत नाही, आणि प्रवासात वेळ वाचवण्यासाठी माणूस नेमकी चालत्या गाडीत मांडीवर डिस्क ठेवून फोटो उतरवू लागतो. शिवाय आपण लॅपटॉप नेणार नाही, म्हणजे साधनाला वीज फोनकडूनच मिळणार. कित्येक फोन हार्ड डिस्कची चकती फिरवण्याइतकी वीज देत नाहीत. मग डिस्कचा दिवा लागतो, आत टकटक होते आणि फोनवर काहीच दिसत नाही. एसएसडीच्या बाबतीत ही अडचण क्वचित येते.

आता जागेचा हिशेब करू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) साधारण २५ ते ३० एमबीची आणि सोबतची जेपेग १० एमबीच्या आसपास असते, म्हणजे दर फोटोला ४० एमबी धरावेत. दिवसाला ५०० फोटो काढले, आणि लडाखमध्ये ते सहज निघतात, तर रोजचे २० जीबी आणि पंधरा दिवसांचे ३०० जीबी होतात. फोनवरील ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम या दराने आणि नव्या पद्धतीच्या संकोचनाने घेतला, तर मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात. रोज वीस मिनिटांचा व्हिडिओ धरला तरी त्यात आणखी ५० जीबींची भर पडेल. एकूण आकडा ३५० जीबींच्या घरात राहतो. १ टीबीची एसएसडी यासाठी भरपूर झाली. संगणकावर ती ९३१ जीबीच दिसेल, त्यात फसवणूक नाही. कंपन्या एक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, इतकाच तो फरक आहे. ५०० जीबींच्या एसएसडीतही आपले काम निभावेल, पण परतताना जयपूर-उदयपूरचा फेरा घालण्याची इच्छा झाली तर जागेसाठी फोटो पुसत बसावे लागेल.

वेगाच्या बाबतीत मात्र खोक्यावरील आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सॅमसंगच्या टी७ सारख्या एसएसडीवर सेकंदाला १,०५० एमबी वाचनाचा वेग छापलेला असतो आणि तो खोटा नसतो. पण आपले फोटो मेमरी कार्डातून येणार आहेत. ज्या कार्डावर लहानसा रोमन एक छापलेला असतो त्या यूएचएस-१ प्रकाराची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे आणि प्रत्यक्षात ८०-९० एमबी मिळतात. हत्तरगीच्या टोलनाक्यावर एकच रांग चालू असेल, तर पुढे महामार्ग कितीही पदरी असला तरी गाड्या त्या रांगेच्या गतीनेच सुटणार. म्हणून सेकंदाला ५०० एमबींची साधी एसएसडी आणि २,००० एमबींची महागडी एसएसडी यांत आपल्याला काडीचाही फरक जाणवणार नाही. वाचलेले पैसे कोठे घालावेत, ते पुढे सांगतो.

लॅपटॉपशिवाय हे सारे जुळवण्यासाठी टाइप-सी हब नावाची लहानशी पट्टी लागेल. ती घेताना तिला मेमरी कार्डाची खाच, एसएसडी जोडण्याचे यूएसबी पोर्ट आणि चार्जर लावण्याचे वेगळे पोर्ट अशी तिन्ही आहेत याची खात्री करून घ्यावी. चार्जरचे पोर्ट विसरू नये, कारण फोनच्या बॅटरीवर कार्ड आणि एसएसडी दोन्ही चालवली तर रात्री प्रत घेता घेता फोनच मान टाकतो. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये टाइप-सी पोर्ट असले तरी आतला वेग जुन्या यूएसबी २.० चाच असतो. अशा फोनवर २० जीबी उतरवायला वीस-पंचवीस मिनिटे लागू शकतात. जेवण होईपर्यंत काम पूर्ण होते, त्यामुळे केवळ एवढ्यासाठी फोन बदलू नये. हा सगळा संच घरी एकदा पूर्ण जोडून, शे-दोनशे फोटो उतरवून, ते एसएसडीवरून उघडून पाहावेत. मनालीच्या पुढे गेल्यावर केबल चालत नसल्याचे कळणे फार महागात पडते. कार्डाची खाच आणि बॅटरी अंगचीच असलेल्या, बटण दाबताच कार्डाची प्रत घेणाऱ्या डिस्कही बाजारात येऊन गेल्या, पण आता त्या क्वचितच दिसतात. मिळालीच तर जुनी बॅटरी गळ्यात पडण्याची शक्यता अधिक.

आता पैशांचे सांगतो. फोटो एसएसडीवर उतरवले की बहुतेक जण कार्ड पुसून दुसऱ्या दिवशी तेच वापरतात, आणि तेथेच घोटाळा होतो. कार्ड पुसल्या क्षणी आपल्याकडे पुन्हा एकच प्रत उरते, फक्त ती कार्डातून एसएसडीत गेलेली असते. ती बॅग हरवली की प्रवासाचे सगळे फोटो गेले. वेगवान एसएसडीऐवजी साधी एसएसडी घेऊन उरलेल्या पैशांत १२८ जीबींची तीन कार्डे घ्यावीत. कॅमेऱ्याचे ३०० जीबी त्यांत मावतात, म्हणजे घरी येईपर्यंत एकही कार्ड पुसावे लागत नाही. भरलेली कार्डे स्वतःजवळ आणि एसएसडी मित्राच्या सामानात ठेवावी. तिघे आहात, तर ही सोय आयतीच आहे. फोनवरील व्हिडिओही रोज एसएसडीवर उतरवावेत आणि जागा पुरेल तोवर फोनमधूनही काढू नयेत. आपल्या कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा असतील तर दोन्हींवर एकाच वेळी लिहिण्याची सोय सुरू करता येते, मात्र मग कार्डे दुप्पट लागतील.

थंडीविषयी एक सूचना. बाहेरच्या गारठ्यातून एसएसडी एकदम गरम खोलीत आणली की तिच्यावर, विशेषतः जोडणीच्या खाचेत, दव धरते. बाहेर असतानाच ती बंद पिशवीत घालावी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवीतून काढून जोडावी. दुकानदाराने दाखवलेल्या २ टीबीच्या हार्ड डिस्कलाही मी नावे ठेवणार नाही. परतल्यावर घरातील टेबलावर कायमचा साठा करण्यासाठी, दर टीबीमागे पडणारी किंमत पाहता, तिच्याइतके परवडणारे दुसरे साधन नाही.

प्रश्न : ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांच्या मिरवणुकीचा सलग अर्ध्या तासाचा व्हिडिओ आयफोनवर घेतला. फोटो पेन ड्राइव्हवर उतरतात, पण हा व्हिडिओ उतरत नाही. पेन ड्राइव्ह ६४ जीबींचा असून निम्म्याहून अधिक रिकामा आहे. तो खराब झाला आहे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : पेन ड्राइव्ह बहुधा ठणठणीत आहे. अडचण त्यावरील फाइल मांडण्याच्या पद्धतीची असावी. फॅट३२ या जुन्या पद्धतीत एकच फाइल ४ जीबींपेक्षा मोठी असू शकत नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. मिनिटाला १७० एमबी या दराने पंचवीस मिनिटांतच ही मर्यादा गाठली जाते, त्यामुळे आपला अर्ध्या तासाचा व्हिडिओ थोडक्यात अडला.

उपाय असा की पेन ड्राइव्हवरील सर्व काही आधी संगणकावर उतरवून घ्यावे आणि मग ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉर्मॅट करावा. फॉर्मॅट केल्याने आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि आयफोन या तिन्हींवर वाचता-लिहिता येते. आयफोनवर बाहेरील ड्राइव्ह जोडण्याची सोय २०१९ मध्ये आलेल्या आयओएस १३ पासून आहे. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत निवडली तर मॅकवर नुसते वाचता येईल, लिहिता येणार नाही. अँड्रॉइडचे बरेच नवे फोन एक्सफॅट ओळखतात, पण सगळेच नाहीत, म्हणून घरातील प्रत्येक फोनला ड्राइव्ह एकदा लावून पाहावा. एखाद्या फोनने ड्राइव्ह न ओळखता ‘फॉर्मॅट करू का?’ असे विचारले आणि त्यात फोटो असतील, तर होकार देऊ नये. ड्राइव्ह काढून दुसरीकडे लावावा.

एक्सफॅटमध्ये एक उणीव आहे. लिहिणे चालू असताना ड्राइव्ह उपटला तर सावरून घेण्याची व्यवस्था त्यात एनटीएफएसइतकी भक्कम नाही. संगणकावर ‘इजेक्ट’ करूनच काढण्याची सवय ठेवावी. फोनवर तशी सोय दिसत नसेल, तर प्रत पूर्ण झाल्यावर थोडा वेळ थांबून मगच काढावा. आणि असा व्हिडिओ एकट्या पेन ड्राइव्हच्या भरवशावर ठेवू नये. पेन ड्राइव्ह देण्या-घेण्यासाठी ठीक आहे, पण स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये कोणत्या प्रतीच्या चिप वापरल्या आहेत, हे वरून ओळखता येत नाही.

प्रश्न : फोनमधले सगळे फोटो गूगल फोटोजमध्ये आपोआप जातात. मग वेगळी डिस्क कशासाठी घ्यावी? (एक वाचक, कारवार)

उत्तर : आपली सोय चांगली आहे, फक्त तिच्या मर्यादा पाहून घ्याव्यात. १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद मोफत साठवण बंद झाली असून मोफत १५ जीबींत जीमेल आणि ड्राइव्हचाही वाटा असतो. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडले असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात आणि ४के व्हिडिओ १०८०पी वर येतो. मूळ प्रत हवी असल्यास ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडावी लागते. फोनवरील जागा मोकळी करताना त्याच अॅपमधून फोटो पुसला तर तो गूगलवरील साठ्यातूनही जातो. साठ दिवस तो कचरापेटीत मिळतो, त्यानंतर नाही.

प्रवासात खरी अडचण वर चढवण्याच्या वेगाची असते. सेकंदाला १० मेगाबिट या बऱ्यापैकी वेगानेही १०० जीबी चढवायला सुमारे बावीस तास लागतात, आणि अणशीच्या घाटात किंवा भीमगडच्या जंगलात तर नेटवर्कच मिळण्याची खात्री नसते. म्हणून प्रवासात डिस्क किंवा कार्डे आणि घरी परतल्यावर निवडक फोटोंसाठी क्लाउड, म्हणजे गूगल फोटोजसारखी इंटरनेटवरील साठवण, असे दोन्ही ठेवावे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. क्लाउड ही ती घराबाहेरची प्रत समजावी.

प्रश्न : ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी दीड हजार रुपयांत दिसते. घ्यावी का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : घेऊ नये. त्या किमतीत १६ टीबींची चिप मिळणे शक्यच नाही. अशा वस्तूच्या आत सहसा लहानसे मेमरी कार्ड बसवलेले असते आणि जागेचा आकडा खोटा दाखवण्याची युक्ती केलेली असते. फोटो चढतात, नावेही दिसतात, पण खरी जागा संपली की आधीच्या फोटोंवरच नवे लिहिले जातात किंवा ते कोठेच लिहिले जात नाहीत, आणि ही गोष्ट परतल्यावर फाइल उघडताना कळते. आधीच घेतली असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक आणि लिनक्सवर एफथ्री या मोफत प्रोग्रामने तपासावी. ते पूर्ण जागा भरून परत वाचून पाहतात. खरी डिस्क घेतानाही जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. मात्र वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, त्यातील फोटो मिळत नाहीत, हे दुकानदाराने सांगितले नाही तरी खरे आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. चारधाम, काशी आणि नर्मदा परिक्रमेचे फोटो दोन जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. त्यांतील एक हल्ली टिकटिक करते. पावसाळ्यात आमच्या कपाटात ओल येते. सगळे एका एसएसडीवर घेऊन कपाटात ठेवले तर कायमचे सुरक्षित राहील का? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आधी साठवणीविषयी सांगतो, टिकटिकीकडे नंतर येतो. एसएसडी प्रवासाला उत्तम असली तरी वर्षानुवर्षे कपाटात पडून राहण्यासाठी ती योग्य नाही. तिच्यात माहिती विद्युत भाराच्या रूपाने साठते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो. उष्णतेत अधिक वेगाने. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने, लिखाणाची ठरलेली मर्यादा संपल्यानंतर, बंद अवस्थेत ३० अंश सेल्सिअसला निदान एक वर्ष माहिती टिकवावी अशी अपेक्षा असते. नव्या, कमी वापरलेल्या एसएसडीत ती याहून बरीच जास्त टिकते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही; पण ‘कायमचे’ हा शब्द तिला लागू करता येणार नाही.

आपल्यासाठी दोन नव्या हार्ड डिस्क अधिक योग्य ठरतील. शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात आणि दोन्हींवर सर्व फोटो ठेवावेत. एक घरी राहू द्यावी आणि दुसरी मुलाकडे, मुलीकडे किंवा कोल्हापूर-पुण्याच्या एखाद्या नातेवाइकाकडे द्यावी. सहा महिन्यांनी एकदा जोडून काही फोटो उघडून पाहावेत आणि साधारण पाच वर्षांनी सर्व काही नव्या डिस्कवर हलवावे. फोल्डरची नावे मराठीत देण्यास हरकत नाही. एनटीएफएस आणि एक्सफॅट दोन्हींत देवनागरी नावे नीट राहतात, जुन्या टीव्हीवर मात्र चौकोन दिसू शकतात. नावाच्या आधी वर्ष आणि महिना घालावा, जसे ‘२०१९-०५ केदारनाथ’. आपल्या भागात तर याची अधिक गरज आहे, कारण गावाचे नाव आपण एक लिहितो आणि फोन दुसरेच नोंदवतो. तारखेवरून शोधल्यास ही पंचाईत होत नाही.

ओलीच्या बाबतीत, हार्ड डिस्क पूर्ण हवाबंद असते हा समज चुकीचा आहे. हवेचा दाब समान राहावा म्हणून बहुतेक पोर्टेबल डिस्कना गाळणी बसवलेले सूक्ष्म छिद्र असते, आणि जोडणीच्या खाचेतील धातूही दमट हवेत गंजतो. बेळगावचा पाऊस कणकुंबीइतका नसला तरी दोन-तीन महिने कपाटे ओलसर ठेवायला पुरेसा आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डिस्क ठेवाव्यात, डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदलावी. डबा कोरड्या दिवशी भरावा, नाहीतर दमट हवाच आत कोंडली जाते. काही जण तांदळात ठेवतात, त्याची भुकटी खाचेत जाते. तसे करू नये.

टिकटिकणाऱ्या डिस्कबाबत मात्र वेळ दवडू नये. शीर्षाला आपली जागा सापडत नसल्याचे ते लक्षण असू शकते आणि अशी डिस्क जितका वेळ चालेल तितकी बिघडत जाते. नवी डिस्क घरात आल्यावरच ती जोडावी, सर्वांत मोलाचे फोल्डर आधी आणि थोडेथोडे करून उतरवावेत, आणि संगणकाने ‘दुरुस्त करू का?’ असे विचारल्यास नकार द्यावा, कारण ती तपासणी दुबळ्या डिस्कला संपूर्ण पिंजून काढते. टिकटिक वाढली किंवा डिस्क दिसेनाशी झाली तर पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये, ठोकू नये आणि ओळखीच्या मुलाकडून उघडून घेऊ नये. धूळविरहित खोली असलेल्या माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे ती द्यावी आणि काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. त्या डिस्कवरील फोटो दुसऱ्या कोणा यात्रेकरूला व्हॉट्सअॅपवर किंवा पेन ड्राइव्हवर दिले होते का, हेही त्यांना विचारून पाहावे. पेन ड्राइव्हवरील प्रत पूर्ण आकाराची असेल, व्हॉट्सअॅपवरील बहुधा लहान.